तासाला ३.६ सेकंद

घरातली जुनी सीडी किंवा डीव्हीडी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली की बहुतेकांची एकच तक्रार असते. सुरुवातीला सगळे ठीक दिसते. मंगलाष्टके संपेपर्यंत भटजींचे ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ लागते, आणि पंगत बसेपर्यंत मावशींचे तोंड मिटलेले, तरी "अजून एक जिलबी" हे शब्द कुठूनतरी येतच असतात. दुकानात परत घेऊन जावे तर दुकानदार सांगतो, "आ तो एवुंज आवे." म्हणजे हे असेच यायचे.

ते असेच यायचे नसते. मी नोकरी राज्य सरकारच्या खात्यात करत असलो तरी शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचे आहे, आणि गेली काही वर्षे मंडळाच्या जुन्या तबकड्या संगणकावर उतरवण्याचे काम माझ्याकडे आहे. नाटके, भजनस्पर्धा, व्याख्याने, लहान मुलांच्या नाट्यछटा असे दोन खोके भरून साहित्य आहे. बहुतेक आधी व्हीएचएस कॅसेटवर होते, मग कुणीतरी उत्साहाने ते व्हीसीडीवर घेतले आणि जागा अडते म्हणून कॅसेटी टाकून दिल्या. घरी लिहिलेल्या तबकडीवरचा रंग काही वर्षांनी फिका पडतो आणि यंत्राला ती वाचता येईनाशी होते. त्या चित्रणातली अर्धी मंडळी आज हयात नाहीत. त्यांचा आवाज त्यांच्याच ओठांवर परत बसवायचा, तर तो मुळात घसरला कसा हे समजून घेणे भाग आहे. हे काम करताना एक गंमत ध्यानात आली. घसरण नीट मोजली, तासाला किती सेकंद हा आकडा काढला, तर ती कुठल्या काळातून आली ते पुष्कळदा सांगता येते. या लेखाचा विषय तोच आहे.

मुळात चित्र आणि आवाज हे जुळे भाऊ नव्हेतच. त्यांचा जन्मही वेगळा. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा, हलती चित्रे दाखवणारी त्याची पेटी १८९० नंतरची. या दोघांना एकत्र आणण्याचा सर्वांत जुना उपलब्ध प्रयत्न १८९४-९५ च्या सुमाराचा आहे. एडिसनचा सहकारी विल्यम डिक्सन एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून व्हायोलिन वाजवतो आहे आणि शेजारी दोन पुरुष एकमेकांना धरून नाचत आहेत, असे सुमारे १७ सेकंदांचे ते चित्रण. चित्र फिल्मवर, आवाज मेणाच्या नळकांड्यावर. पुढे फिल्म एका संग्रहात गेली, नळकांडे दुसऱ्या ठिकाणी मोडलेल्या अवस्थेत पडून राहिले, आणि शतकभर या दोघांची भेट झाली नाही. सुमारे २००० साली ‘अपोकॅलिप्स नाऊ’चे ध्वनिसंयोजक वॉल्टर मर्च यांनी संगणकावर ती दोन्ही जुळवली. अडचण अशी, की फिल्म घेतली होती सेकंदाला सुमारे ४० चित्रांच्या वेगाने, आवाज चित्रापेक्षा लांबलचक होता, आणि दोन्हीत समान असा एकही ठोका नव्हता. आपल्या घरच्या व्हीसीडीचा जो आजार आहे तोच हा, फक्त शंभर वर्षे मुरलेला.

एडिसनने १९१३ मध्ये पुन्हा प्रयत्न केला. प्रोजेक्टर प्रेक्षागृहाच्या मागे, फोनोग्राफ पुढे पडद्याजवळ, आणि दोघांना जोडणारी दोरी कप्प्यांवरून सभागृहभर नेलेली! दोरी सैल झाली, फिल्म तुटली, चालवणाऱ्याचा हात चुकला, की पडद्यावरचा माणूस आणि आवाज वेगळ्या गावी. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि वर्षा-दोन वर्षांत तो खेळ बंद पडला.

खरे यश मिळाले ते वॉर्नर ब्रदर्सच्या ‘व्हायटाफोन’ला. १९२६ चा ‘डॉन वॉन’ आणि १९२७ चा ‘द जॅझ सिंगर’ हे त्या पद्धतीचे चित्रपट. यात आवाज १६ इंची तबकडीवर असे. ती मिनिटाला ३३⅓ फेरे फिरे आणि आतून बाहेर वाजे. तबकडी आणि प्रोजेक्टर एकाच मोटरला जोडलेले. फिल्मच्या पहिल्या चौकटीवर खूण, तबकडीवर बाणाची खूण, दोन्ही जुळवायच्या आणि कळ दाबायची. हजार फुटांचे एक रीळ सुमारे ११ मिनिटे चाले आणि तबकडीची एक बाजूही तेवढीच. फिल्म मध्येच तुटली आणि जोडताना चार चौकटी गेल्या, तर तिथे मोजून चार काळ्या चौकटी चिकटवाव्या लागत. नाहीतर तिथून पुढे सगळे चुकले. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) पाहिलेल्यांना बाई "नाही, नाही" म्हणत असताना पुरुषाचा आवाज येतो तो प्रसंग आठवत असेल. तो विनोद या तबकड्यांच्या जमान्यावरचा आहे.

याच काळात एक आकडा कायमचा ठरला, तो सेकंदाला २४ चित्रांचा. त्याआधी मूकपटाचा वेग कॅमेरा फिरवणाऱ्याच्या मनगटावर असे, कधी १६, कधी १८, कधी २०. डोळा हे खपवून घेतो. कान घेत नाही, वेग जरा हलला की सूर हलतो. म्हणून आवाज आल्याबरोबर चित्राला ठराविक वेगाची शिस्त लागली.

आपल्या बडोद्याशी जोडलेले एक नाव इथे आठवते. दादासाहेब फाळके सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात शिकले हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांचा ‘सेतुबंधन’ (१९३२) मूकपट म्हणून तयार झाला, पण तोवर बोलपट आल्याने त्याला मागाहून आवाज जोडण्यात आला. ओठ आधी हलून गेलेले आणि शब्द मागाहून शोधायचे, हे काम केवढे किचकट असेल ते आज संगणक हाताशी असूनही कळते. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव खरा बोलपट, कोल्हापूर सिनेटोनचा.

पहिला हिंदुस्थानी बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. अर्देशीर इराणी यांनी ज्या यंत्रावर तो केला त्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर उमटत. स्टुडिओशेजारून रेल्वे जात असल्याने चित्रण रात्री करावे लागे, हे सर्वांना माहीत आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एकाच फिल्मवर असले तरी चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात. प्रोजेक्टरमध्ये भिंगासमोर फिल्म थबकत थबकत चालते, एकेक चौकट थांबून पुढे सरकते. आवाज वाचायला मात्र ती अखंड सरकायला हवी. म्हणून आवाज वाचणारा दिवा थोडा पुढे बसवतात, आणि ३५ मिलिमीटर फिल्मवर आवाज चित्राच्या साधारण २० चौकटी पुढे छापलेला असतो. एका फिल्मवर चित्र आणि आवाज एकदमच टिपले असतील, तर कात्री चालवणे अवघड होते. चित्राच्या जागी कापले की आवाज भलत्या जागी कापला जातो. यावर उपाय म्हणजे आवाज वेगळ्या फिल्मवर घ्यायचा आणि दोन्ही नंतर जुळवायच्या. जुळवायला खूण हवी, म्हणून ती पाटी आणि तिचा ‘टक्’ आवाज. लाकडी फळी मिटलेली ज्या चौकटीत दिसते तिथेच तो टक् बसवायचा. शूटिंगचे फोटो काढताना आपण ज्या पाटीबरोबर हौसेने उभे राहतो ती खरे तर हे हत्यार आहे.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या मानाने मराठी माणूस भाग्यवान. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आजही पाहता आणि ऐकता येतो. प्रभातच्या बोलपटांच्या ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. व्ही. शांताराम, दुर्गा खोटे, गोविंदराव टेंबे ही नावे सगळ्यांच्या तोंडी असतात, दामल्यांच्या कानाबद्दल क्वचितच कुणी बोलते.

आता दूरदर्शनकडे येऊ, कारण आपल्या तबकड्यांचे आकडे तिथून आले आहेत. विजेच्या प्रवाहाची आवर्तने आपल्याकडे आणि युरोपात सेकंदाला ५०, म्हणून टीव्हीची चित्रे सेकंदाला २५. अमेरिकेत आवर्तने ६०, म्हणून चित्रे ३०. इथवर हिशेब सरळ आहे. १९५३ मध्ये अमेरिकेने रंगीत प्रक्षेपणाची पद्धत ठरवली तेव्हा रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर ठिपक्यांची जाळी दिसण्याची भीती होती. आवाजाची लहर हलवली तर लोकांच्या घरातले जुने संच अडचणीत येणार. तेव्हा अभियंत्यांनी आवाजाला हात लावला नाही, चित्राला हजारात एक भाग हळू केले. ३० चे २९.९७ झाले.

तीन शतांश चौकटींनी काय बिघडते? तासाला ३.६ सेकंद बिघडतात. अमेरिकेतून मुलाने नातवाच्या बारशाची डीव्हीडी पाठवली, इथल्या कुणी ती उतरवताना प्रोग्रामला २९.९७ ऐवजी सरळ ३० सांगितले, की चित्र तासाला ३.६ सेकंद आधी संपते आणि आवाज मागे रेंगाळतो. आपल्याकडे विकल्या गेलेल्या चित्रपटांच्या काही डीव्हीडीही याच अमेरिकन पद्धतीच्या असतात. घड्याळ लावून मोजल्यावर हा आकडा आला, की समजावे, हे १९५३ चे दुखणे आहे.

दुसरा आकडा याहून मोठा आहे. २४ चित्रांचा चित्रपट आपल्या २५ च्या टीव्हीवर दाखवायचा तर सोपा मार्ग म्हणजे तो सरळ २५ ने पळवणे. दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो. आवाजही बरोबर पळवला तर ओठ जुळतात, पण पट्टी चढते, सुमारे पाऊण अर्धस्वर. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनच्या उंबरठ्यावर जाऊन बसतो. जाणकार रसिकांना जुन्या चित्रपटांतली पदे तबकडीवर ‘थोडी चढी’ वाटतात ती पुष्कळदा याच कारणाने. आणि चित्र पळवले पण आवाज मुळातलाच ठेवला, तर तासाला २ मिनिटे २४ सेकंदांचा फरक पडतो. हा कुणाच्याही लक्षात येतो, त्यासाठी डिप्लोमा लागत नाही.

तिसरा आकडा खास व्हीसीडीचा. १९८२ मध्ये आलेल्या ऑडिओ सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. असा वेडावाकडा आकडा का? कारण सुरुवातीला अंकांत बदललेला आवाज साठवायला व्हिडिओ टेपशिवाय दुसरे साधन नव्हते. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने, ओळी २९४, आणि सेकंदाला ५० वेळा. तिन्हींचा गुणाकार करून पाहा. अमेरिकन यंत्रावर २४५ ओळी आणि ६० वेळा, उत्तर तेच. आवाजाच्या तबकडीचा आकडा चित्राच्या टेपमधून आला आहे! १९९३ च्या व्हीसीडीने तोच घेतला. १९९६ च्या डीव्हीडीने मात्र ४८,००० घेतला. एखाद्या बेफिकीर प्रोग्रामने व्हीसीडीचे नमुने न बदलता फक्त लेबल ४८,००० चे लावले, की तासाचा आवाज ५५ मिनिटांत संपतो आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. धीरगंभीर वक्ता लगबगीने बोलू लागतो. हा दोष ऐकूनच ओळखावा.

हे तिन्ही दोष गुणाकाराचे. आवाजाला योग्य पटीत ताणले की विषय मिटतो. खरा त्रास असतो तो वेगळ्याच दोन प्रकारांत.

डीव्हीडीवर चित्र आणि आवाज छोट्या पुड्यांत बांधून आलटूनपालटून ठेवलेले असतात आणि पुडीवर वेळेचा शिक्का असतो, ही पुडी केव्हा उघडायची ते सांगणारा. हे घड्याळ सेकंदाला ९०,००० टिक् करते, म्हणजे आपल्या एका चित्राला ३,६०० टिक्. एक चित्र ४० मिलिसेकंदांचे आणि डॉल्बी आवाजाची एक पुडी ३२ मिलिसेकंदांची. चार चित्रांत आवाजाच्या पाच पुड्या बसतात आणि मगच सम येते. तबलजीला हे चारात पाच बसवणे लगेच कळेल. मधूनच कापले तर तुकडा समेवर पडत नाही. त्यात आवाजाची पहिली पुडी पहिल्या चित्राच्या थोडी आधी किंवा नंतर सुरू होते. शिक्का शाबूत असेल तर काही बिघडत नाही. पण उतरवताना चित्र एका फाइलमध्ये आणि आवाज दुसऱ्या फाइलमध्ये काढला, शिक्के फेकून दिले आणि दोन्ही शून्यापासून जोडले, की फरक कायमचा बसतो. असा फरक सुरुवातीला जेवढा तेवढाच शेवटी. हा त्यातल्या त्यात सोपा. आवाज तेवढा मागे किंवा पुढे सरकवला की झाले.

दुसरा प्रकार उडीचा. रेकॉर्डरवर मध्ये विराम घेतला, तबकडीवर चरा पडला, किंवा व्हीएचएस उतरवताना सुरकुतलेल्या जागी संगणकाने काही चित्रे गाळली. एक चित्र गळले की ४० मिलिसेकंद, पंचवीस गळली की सेकंद. तिथपर्यंत सगळे जुळलेले, तिथून पुढे चुकलेले. व्हायटाफोनवाल्यांच्या तुटलेल्या फिल्मचीच ही गोष्ट आहे आणि उपायही तोच, तुटलेली जागा शोधून तिथे भर घालायची. संपूर्ण आवाज ताणत बसलात तर आधी बरोबर असलेला भागही बिघडेल. बाजारात दिलेल्या कामात मला हेच सर्वांत जास्त आढळते. शेवट जुळावा म्हणून सगळेच ताणलेले असते.

म्हणून माझी पद्धत अशी. मूळ तबकडीची आधी जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, करून ठेवायची आणि तिला कधीही हात लावायचा नाही. मग तबकडी साध्या प्लेअरवर लावून पाहायची. तिथेच आवाज चुकत असेल तर दोष आधीच्या पिढीत, कॅसेटवरून घेताना शिरला आहे. तिथे बरोबर असेल तर शिक्के शाबूत आहेत, पुन्हा नीट उतरवले की काम होते. त्यानंतर सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी फरक मोजायचा. व्हीएलसी प्लेअरमध्ये जे आणि के या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या पावलांनी मागेपुढे होतो, पावले मोजली की फरक कळतो. तिन्ही ठिकाणी सारखा असेल तर सरकवा. सम प्रमाणात वाढत असेल तर ताणा. एकदम वाढला असेल तर उडीची जागा शोधा. सरकवणे आणि ताणणे ही दोन्ही कामे एमकेव्हीटूलनिक्स नावाचा मोफत प्रोग्राम चित्राला धक्का न लावता करतो.

किती अचूक जुळवायचे, याचेही उत्तर आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर प्रेक्षकाला जाणवू लागते, मागे पडला तर मात्र १२५ पर्यंत जाणवत नाही. हा पक्षपात निसर्गाचा आहे. नदीच्या पलीकडे कुणी धुणे आपटत असेल तर हात आधी दिसतो, आवाज मागून येतो. (आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत, त्यामुळे उदाहरणाला दुसरी नदी घ्यावी.) मांडवात व्यासपीठापासून ३४ मीटरवर बसलेल्याला साध्या तोंडाचा आवाज दहाव्या भागाइतके सेकंद उशिरा पोचतो आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. आवाज ओठांच्या आधी मात्र आयुष्यात कुणी ऐकलेला नसतो. म्हणून शंका असेल तेव्हा आवाज किंचित मागे ठेवावा, पुढे कधीच नको.

फरक मोजायचा तर टोला हवा, आणि आपल्या कार्यक्रमांत पाटी धरणारा कुणी नसतो. पण टोले भरपूर असतात. आरतीतली झांज उत्तम, मिटताना दिसते आणि खणखणीत वाजते. टाळ्या निरुपयोगी, शंभर हात शंभर वेळी. माइकवर बोटाने ‘टक टक’ करून "हॅलो, हॅलो" म्हणणारे कार्यवाह त्या काळी डोक्याला ताप वाटायचे, आता त्यांचे उपकार मानतो. नाटकाआधी रंगमंचपूजेत फोडलेला नारळ तर सर्वांत चांगला. नारळ फुटल्याची चौकट स्पष्ट सापडते आणि आवाजाच्या आलेखावर त्याचे शिखर देवळाच्या कळसासारखे उभे असते. अडचण एवढीच, की नारळ एकदाच फुटतो.

मंडळाच्या एका जुन्या तीन अंकी संगीत नाटकाच्या व्हीसीडी सध्या माझ्याकडे आहेत. पहिल्या अंकाला नारळ मिळाला. दुसऱ्या अंकात नायक काठी जमिनीवर आपटतो, ती कामाला आली, शिवाय पडदा पडण्याआधी दार आपटले जाते, त्यावरून घसरण नसल्याची खात्रीही झाली. तिसऱ्या अंकाच्या तबकडीवर विसाव्या मिनिटाला चरा आहे आणि पुढच्या भागात सगळे जण बसून बोलतात नाहीतर गातात. हार्मोनियमवाले विंगेत असल्याने त्यांची बोटेही दिसत नाहीत. त्या प्रयोगाची मूळ व्हीएचएस कॅसेट कुणाच्या माळ्यावर असेल, बुरशी आलेली असली तरी चालेल, तर ती लावून पाहू नये, तशीच मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी.